प्राणिसंग्रहालयांतील प्राणिजन्य जिवाणुरोगांचे निरीक्षण : एक चिकित्सा

मनुष्य आणि इतर पृष्ठवंशी प्राणी यांच्यामध्ये निसर्गतः संक्रांत होणाऱ्या रोगांना प्राणिजन्य रोग अशी संज्ञा आहे. क्षय, फाशी, ब्रुसेलाजन्य ज्वर, लेप्टोस्पायरोसिस, साल्मोनेलाचा संसर्ग आणि प्लेग हे त्यांपैकी जिवाणूंमुळे होणारे काही प्रमुख रोग होत. प्राणिसंग्रहालयांत ह्या रोगांवर लक्ष ठेवले पाहिजे, हे तत्त्व आज कोणीही अमान्य करणार नाही. मतभेदाला जागा आहे ती ‘लक्ष ठेवणे’ ह्या शब्दांच्या अर्थाविषयी. मेलेल्या प्राण्याचे शवविच्छेदन करावयाचे आणि मृत्यूचे कारण दप्तरात नोंदवावयाचे, एवढाच त्यांचा अर्थ व्यवहारात पुष्कळदा घेतला जातो. हा अर्थ अपुरा आहे. आणि तो का अपुरा आहे, हे पडेगावच्या उदाहरणावरून चांगले स्पष्ट होते.

छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, नाशिककडे जाणाऱ्या मार्गावर, पडेगाव व मिटमिटा ह्या लगतच्या वस्त्या आहेत. शहराच्या मध्यभागी असलेल्या सिद्धार्थ उद्यानातील महानगरपालिकेच्या प्राणिसंग्रहालयाला जागा अपुरी पडते, हा आक्षेप जुना आहे. म्हणूनच मिटमिट्याला विस्तीर्ण जागेवर सफारी उद्यान उभारण्याची योजना महानगरपालिकेने हाती घेतली. प्राण्यांना मोकळी जागा मिळावी हा हेतू स्तुत्यच होय. परंतु पडेगावच्या ह्याच परिसरात महानगरपालिकेचा कत्तलखाना आहे, पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, आणि २०१८ साली शहरात उद्‌भवलेल्या कचऱ्याच्या बिकट प्रश्नानंतर कचरा-प्रक्रियेसाठी जी स्थळे निवडण्यात आली त्यांतही पडेगावचा समावेश झाला. ह्या तिन्ही गोष्टी शहराला आवश्यक आहेत आणि त्यांना दोष देण्याचे कारण नाही. तथापि रोगशास्त्राच्या दृष्टीने त्यांतील प्रत्येक स्थळ म्हणजे जिवाणूंच्या ये-जा करण्याचे एक संभाव्य द्वार आहे. शेळ्यामेंढ्यांत ब्रुसेलाचा वास असू शकतो. कत्तलखान्याभोवती कुत्री, घारी व कावळे जमतात. कचऱ्याबरोबर घुशी व उंदीर येतात, आणि त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा ओलसर मातीत पसरतो. शवविच्छेदनाच्या कोष्टकात ह्या शेजाऱ्यांसाठी रकाना नसतो.

संग्रहालयातील रोगाचा उगम संग्रहालयाबाहेर शोधावा लागतो, हा धडा महाराष्ट्राला नवा नाही. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा तो माणसापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचतो हे निश्चित झालेले नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया उद्यानात, म्हणजे आजच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, गिनीपिग प्लेगाने मेले. डब्ल्यू. ग्लेन लिस्टन ह्या वैद्यकीय अधिकाऱ्याने त्यांच्या मृत्यूची नोंद करून काम संपविले नाही. त्यांच्या अंगावरील पिसवा त्याने तपासल्या आणि त्या उंदरांच्या पिसवा असल्याचे त्याला आढळले. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरील भुकेलेल्या पिसवा दुसरा आश्रय शोधतात, ह्या विचाराला त्यामुळे बळकटी आली. १९०५ साली लिस्टनने आपले विवेचन प्रसिद्ध केले आणि त्यानंतरच्या प्लेग संशोधन मंडळाच्या प्रयोगांनी पिसवांचा मार्ग सिद्ध झाला. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, ‘गिनीपिग प्लेगाने मेला’ एवढे निदान बरोबर असूनही निरुपयोगी ठरले असते. ‘हा प्लेग ह्या पिंजऱ्यात आला कोठून?’ ह्या प्रश्नाने त्या निदानाला मोल आले.

जिवाणू जसा आत येतो तसा बाहेरही जातो. १९९६ च्या जानेवारीत अमेरिकेतील डेन्व्हर येथील प्राणिसंग्रहालयात कोमोडो जातीच्या महाकाय सरड्यांचे प्रदर्शन पाहून गेलेल्यांपैकी साठांहून अधिक जणांना, त्यांत बहुतेक मुलांना, साल्मोनेलाचा संसर्ग झाला. तपासाअंती दोष आढळला तो प्रदर्शनाभोवतीच्या लाकडी कठड्यात. कठड्याला हात लावणाऱ्यांत रोगाचे प्रमाण अधिक होते व नंतर हात धुणाऱ्यांत ते कमी होते. प्रेक्षकांच्या रक्षणासाठी उभारलेला कठडाच रोगाचा वाहक झाला. त्याच वर्षी इलिनॉय राज्यातील एका खाजगी प्राणिपालन केंद्रात हत्तींना क्षय झाल्याचे उघडकीस आले. तेथील २२ सेवकांची तपासणी केली असता ११ जणांत ट्युबरक्युलिनची प्रतिक्रिया आढळली आणि एकाला प्रत्यक्ष क्षय झालेला होता. त्याच्या व हत्तींच्या शरीरातील जिवाणू एकाच वाणाचे निघाले. हा जिवाणू मूळचा मानवी क्षयाचाच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून पुन्हा माणसाला, असा दुहेरी मार्ग किती मोकळा आहे ते कळून येते.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना १९९२ साली झाली व मान्यतेविषयीचे नियम २००९ साली नव्याने करण्यात आले. मृत प्राण्याचे शवविच्छेदन, आरोग्याच्या नोंदी आणि प्राण्यांची देखभाल करणाऱ्या सेवकांची वैद्यकीय तपासणी ह्या बाबी त्यांत आहेत. उणीव आहे ती त्यांच्या वापराच्या पद्धतीत. प्राण्याची नोंद पशुवैद्यकाच्या दप्तरात राहते, सेवकाची रुग्णालयाच्या कागदांत राहते, आणि दोन्ही कागद एका मेजावर एकत्र येण्याचा प्रसंग सहसा येत नाही. हरणांच्या कुंपणात झाडलोट करणाऱ्या सेवकाला ताप आला, तर तो वस्तीतील दवाखान्यात जातो; तेथे त्याला त्याचा व्यवसाय विचारला जाईलच असे नाही. लेप्टोस्पायरोसिस आरंभी इतर कोणत्याही तापासारखाच दिसतो आणि ब्रुसेलाचा ज्वर महिनोन्‌महिने चढउतार करीत राहतो. व्यवसाय ठाऊक नसलेल्या वैद्याने ते ओळखले नाहीत, तर त्याला बोल लावता येत नाही.

शवविच्छेदनाला दुय्यम लेखण्याचा येथे हेतू नाही. परंतु ते नेहमी उशिराने होते. २०२५ च्या नोव्हेंबरात बेळगावजवळील कित्तूर राणी चन्नम्मा प्राणिसंग्रहालयात अवघ्या काही दिवसांत ३१ काळवीट मेले व निदान घटसर्पाचे झाले. घटसर्प हा माणसाला क्वचितच बाधणारा रोग असला, तरी बंदिस्त कळपात जिवाणू किती वेगाने फिरतो ते ह्यावरून दिसते. शिवाय शवविच्छेदन हे स्वतःच धोक्याचे असू शकते. फाशीने मेलेल्या प्राण्याचे शव उघडले, तर जिवाणूंचा हवेशी संबंध येऊन त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षे टिकतात. म्हणून आकस्मिक मृत्यूच्या प्रसंगी प्रथम कानाच्या शिरेतील रक्ताचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि शंका फिटल्यावरच सुरी हातात घ्यावयाची, हा क्रम पाळणे अत्यावश्यक ठरते.

जिवंत प्राण्यांच्या नियमित तपासणीवर काही आक्षेप घेतले जातात आणि ते निराधार नाहीत. ट्युबरक्युलिनची सुई टोचल्यावर तिचा परिणाम सुमारे ७२ तासांनी पाहावा लागतो. म्हणजे हरणाला दोनदा पकडावे लागते, आणि पकडण्याच्या धसक्यानेच ते दगावण्याची भीती असते. रक्तद्रवातील प्रतिद्रव्ये पूर्वी कधी तरी जिवाणूशी गाठ पडली होती एवढेच सांगतात. आज रोग आहे असे सिद्ध करीत नाहीत. साल्मोनेला विष्ठेतून सतत बाहेर पडत नाही, म्हणून एका नमुन्यात तो न सापडल्याने निर्धास्त होता येत नाही. परंतु ह्या आक्षेपांवरून ‘तपासणी नको’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘एका तपासणीवर विसंबू नये’ एवढाच निघतो. अन्य कारणासाठी प्राण्याला गुंगी दिली असता प्रत्येक वेळी रक्तद्रव काढून गोठवून ठेवावा. विष्ठेचे नमुने ठराविक अंतराने पुनःपुन्हा घ्यावेत. मांसाहारी प्राण्यांना घालावयाच्या मांसाची तपासणी कत्तलखान्यातच व्हावी. आवारातील उंदरांच्या संख्येवर व मृत्यूवर लक्ष असावे. ह्यांपैकी बहुतेक कामांना महागडी यंत्रे लागत नाहीत. सातत्य मात्र लागते.

प्रयोगशाळांचा अभाव हे कारणही फार काळ पुढे करता येणार नाही. नागपूरला महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे कार्य चालते, तेथेच एकात्म आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेची कोनशिला २०२२ च्या डिसेंबरात बसविण्यात आली, आणि परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय तर मराठवाड्यातच आहे. छत्रपती संभाजीनगरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसाचा वैद्य, पशूंचा वैद्य आणि महानगरपालिकेचा आरोग्याधिकारी यांनी आपापल्या नोंदी ठराविक काळाने एकत्र वाचाव्यात, ह्यासाठी नवी इमारत बांधावी लागत नाही.

पडेगावच्या परिसरात नवी योजना आकार घेत असताना ह्या प्रश्नाचा विचार होणे अगत्याचे आहे. कुंपणे, तळी व प्रेक्षकांचे मार्ग एकदा कायम झाले म्हणजे सांडपाणी कोठून वाहते, मांस कोणत्या वाटेने येते, हात धुण्याची सोय कोठे आहे हे प्रश्न सोडविणे कठीण होते. प्राणिसंग्रहालयाचे यश वाघाच्या बछड्यांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे व तो समजण्यासारखा आहे. परंतु त्या बछड्यांचे पिंजरे रोज पहाटे झाडणारा सेवक संध्याकाळी आपल्या मुलाबाळांत परत जातो. त्याच्या तापाची नोंद वाघाच्या नोंदीशेजारी लिहिली जाईल, तेव्हाच तेथील जिवाणुरोगांवर लक्ष आहे असे यथार्थपणे म्हणता येईल.