‘गिमी शेल्टर’ : पुरावा आणि निर्णय

अनुबोधपट हा वास्तवाचा केवळ पुरावा असतो की त्यावरील निर्णयही असतो, हा प्रश्न आल्बर्ट व डेव्हिड मेझल्स हे बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांच्या ‘गिमी शेल्टर’ (१९७०) या चित्रपटाच्या संदर्भात विशेष तीव्रतेने उपस्थित होतो. कॅलिफोर्नियातील ऑल्टामाँट येथे, मोटारशर्यतीच्या मैदानावर, ६ डिसेंबर १९६९ रोजी ‘रोलिंग स्टोन्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या पुढाकाराने विनामूल्य संगीतमहोत्सव झाला. सुमारे ३ लाख श्रोते जमले. जागा ऐनवेळी बदललेली, व्यासपीठ अगदी ठेंगणे, आणि त्याच्या राखणीचे काम ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलस्वारांच्या टोळीकडे. त्या दिवशी चौघे मृत्युमुखी पडले. त्यांपैकी मेरेडिथ हंटर हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण व्यासपीठासमोरच भोसकला गेला, व ते दृश्य कॅमेऱ्याने टिपले.

चित्रपटात निवेदन नाही. मृत्यूची वार्ता मात्र आरंभीच नभोवाणीवरून कानी पडते. त्यामुळे ‘काय घडणार’ हे कुतूहल मावळून ‘कसे घडत गेले’ याकडे प्रेक्षकाचे लक्ष वळते. वकिलाच्या कचेरीतील जागेविषयीच्या वाटाघाटींसारखी वरवर किरकोळ दृश्येही त्यामुळे अर्थगर्भ होतात. हे या रचनेचे खरे यश होय.

पॉलिन केल यांनी १९७० मध्येच असा आक्षेप घेतला, की चित्रीकरणासाठी घडवून आणलेल्या प्रसंगाला येथे सहजसत्याचे रूप दिले आहे. हा आक्षेप सर्वांशी मान्य करणे कठीण आहे. कारण ढासळत गेलेली व्यवस्था कॅमेऱ्याने निर्माण केली नव्हती. तथापि, त्याहून गंभीर उणीव अन्यत्र आहे. संकलनाच्या मेजापाशी बसलेला गायक मिक जॅगर तेच दृश्य पुन्हा पाहतो, आणि चित्रपटाचे नैतिक केंद्र त्याच्या चेहऱ्यावर स्थिरावते. हंटर मात्र हिरव्या पोशाखातील एक आकृतीच राहतो. त्याचे पूर्वायुष्य, त्याचे आप्त, वर्णभेदाचा संदर्भ यांपैकी कशालाही येथे स्थान नाही.

न्यायालयात हेच चित्रण ज्यूरीस दाखविण्यात आले. हंटरच्या हातातील पिस्तूल त्यात दिसते. १९७१ मध्ये आरोपी स्वसंरक्षणाच्या कारणावरून निर्दोष सुटला. म्हणजे पुरावा म्हणून हा चित्रपट समर्थ ठरला. परंतु सुरक्षेचा भार अशा टोळीवर टाकणाऱ्यांचे उत्तरदायित्व कोणते, हा प्रश्न कोणत्याही एका चौकटीत मावणारा नव्हता. पाहणे म्हणजे जाणणे नव्हे, याची जाणीव हा चित्रपट देतो, आणि स्वतः तिच्या अलीकडेच थांबतो.