‘बर्मा आघाडीवरची जीप’ : फलक एक सांगतो, गाडी दुसरंच

बेळगावात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं की एखाद्या तरी जीपपुढे तो फलक असतोच : ‘दुसऱ्या महायुद्धातील अस्सल अमेरिकन जीप, बर्मा आघाडीवर वापरलेली.’ यंदाही होता. गाडी देखणी, ऑलिव्ह हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा. फक्त स्टिअरिंग उजवीकडे. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

महायुद्धासाठी विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून ६ लाखांहून जास्त जीप बनवल्या. विलीजची ती एमबी, फोर्डची ती जीपीडब्ल्यू. दोन्ही डाव्या स्टिअरिंगच्या. ब्रिटिश आणि हिंदी फौजांना मिळाल्या त्याही तशाच, आणि बर्मातही त्या तशाच चालवल्या गेल्या. ‘साहेबाच्या फौजेसाठी मुद्दाम उजवी करून धाडली’ हे मी बऱ्याच मालकांकडून ऐकलंय. ऐन युद्धात एकाच साच्यातून गाड्या काढणाऱ्या कारखान्यांना असली हौस परवडणारी नव्हती. (गोव्याकडचे लोक याच्या उलट चूक करतात : डावं स्टिअरिंग दिसलं की ‘पोर्तुगीजांची गाडी’. पोर्तुगालने १९२८ साली रस्त्याची बाजू बदलली, पण गोव्यात वाहतूक डावीकडूनच राहिली.)

बरं, नंतर एखाद्या गॅरेजमध्ये स्टिअरिंग फिरवून घेतलं असेल? असू शकतं, तशा गाड्या आहेत. पण मग चासीच्या डाव्या पट्टीवर जुन्या स्टिअरिंग बॉक्सची भोकं किंवा बुजवल्याचं वेल्डिंग सापडायला हवं. शिवाय बाकीचं अंग एमबीचं हवं. युद्धातल्या जीपच्या पत्र्याच्या जाळीला नऊ उभ्या फटी असतात. अगदी सुरुवातीच्या एमबींना तर पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. मागे उघडणारं फळकं नसतं, बंद पत्रा असतो आणि त्यावर स्टेपनी. हेडलाइट जाळीच्या आत बसवलेले, आणि ते उलटे फिरवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. फोर्डच्या गाडीत तर बोल्टच्या डोक्यावरसुद्धा ‘एफ’ ठोकलेला असतो.

प्रदर्शनातल्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. जाळीला सात फटी, मागे फळकं, समोर एकसंध काच, आणि बॉनेट चांगलंच उंच. बॉनेटची ही उंची म्हणजे गाडीचा जन्मदाखलाच. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये होते. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, इंजिन उंच झालं आणि त्याला झाकायला बॉनेट वर उचलावं लागलं. ही सीजे-३बी अमेरिकेत १९५३ साली आली. जी गाडी युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी जन्मली, ती बर्माला गेलीच कशी?

आपल्याकडे ही जीप महिंद्रांनी वर्षानुवर्षं बनवली. १९४५ साली महिंद्र अँड मोहम्मद या नावाने कंपनी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. मुंबईत माझगावला विलीजच्या सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात झाली आणि पुढे हळूहळू भागही इथेच बनू लागले. फलकाला लाज वाटते ती या इतिहासाची. परदेशी युद्धाची झूल चढवल्याशिवाय माझगावची गाडी प्रदर्शनात ठेवण्याजोगी नाही, असं मालकाला वाटतं, आणि आयोजक न विचारता ते छापतात.

‘आजोबांनी मिलिटरीच्या लिलावात घेतली’ ही घरातली आठवण मात्र मी खोटी म्हणणार नाही. भारतीय लष्कराने उंच बॉनेटच्या जीप भरपूर वापरल्या आणि जुन्या झाल्यावर विकल्या. लिलाव खरा असेल. युद्ध तेवढं नातवाने जोडलेलं. उजव्या स्टिअरिंगची, लष्करातून आलेली आणि जीपपेक्षा थोराड गाडी असेल, तर ती जोंगा आहे का तेही बघावं. ती निस्सान पेट्रोलवरून जबलपूरला बनायची.

चुकीच्या फलकाचं मला एवढं का लागतं? कारण त्याच्यामागोमाग गॅस कटर येतो. ‘लो बॉनेट’ला भाव जास्त, म्हणून चांगल्या ३बीची बॉनेटं कापून खाली आणतात, सात फटींची जाळी काढून नऊ फटींची नवी लावतात, डॅशवर बाजारात मिळणारी अमेरिकन पाटी ठोकतात. मंडी डबवालीहून जुळवून आलेल्या जीप तर अशा की तीन गाड्यांचे अवयव एका अंगावर. दहा वर्षांनी तिच्यावरून कुणालाच काही वाचता येणार नाही.

त्या मालकांकडे मी आरसी बुक मागितलं. पहिली नोंदणी १९५६च्या नोव्हेंबरआधीची असेल तर मुंबई राज्याची निघेल, नंतरची असेल तर म्हैसूरची. ‘शोधतो’ म्हणालेत. तोवर चासीची डावी पट्टी न रंगवता तशीच ठेवा, एवढं त्यांनी कबूल केलंय.