फर्टिक्वॉल काय मोजतं आणि काय सोडतं

आयव्हीएफवरचे पेपर वाचायला घेतले की आधी दिसतो तो यशाचा आकडा: शंभरातल्या किती जणींना दिवस गेले. उपचार चालू असताना त्या बाईचं काय झालं, हा प्रश्न बराच उशिरा आला. परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती ६ ऑगस्ट १९८६ ला. आणि जॅकी बॉइव्हिन व सहकाऱ्यांची ‘फर्टिक्वॉल’ ही प्रश्नावली छापून आली २०११ मध्ये. आज तिच्याबद्दल, कारण या विषयात शिरलात तर ती तुम्हाला टाळता येणार नाही.

प्रश्न एकूण ३६. त्यातले २४ मन, शरीर, नवरा-बायकोचं नातं आणि समाज यांवरचे. १० फक्त उपचारांवरचे: ६ दवाखान्यातल्या वातावरणाचे, ४ उपचार कितपत सोसवतात त्याचे. उरलेले २ सर्वसाधारण. गुण ० ते १००, जास्त म्हणजे बरं.

तिचं मोठं काम म्हणजे मूल नसल्याचं दुःख आणि उपचारांचा जाच तिने वेगळे केले. नैराश्याच्या नेहमीच्या मोजपट्टीत दोन्ही एकत्र कालवले जातात. (जाता जाता: बॉइव्हिन यांच्याच गटाने २०११ मध्ये बीएमजेत १४ अभ्यास आणि ३,५८३ स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उपचाराआधीच्या मानसिक ताणाचा गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध दिसला नाही. ‘टेन्शन घेऊ नकोस, मग राहील’ म्हणणाऱ्या आत्याबाईंसाठी हा पेपर जपून ठेवा.)

पण ते दहा प्रश्न मी ठाकुरवाडीत बसून मराठीत करायला घेतले आणि अडखळले. इथून उपचार घ्यायचे म्हणजे काय, ते बघा. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग दहा-बारा दिवस इंजेक्शनं, मधे तपासणीच्या फेऱ्या. शेवटचं इंजेक्शन अगदी ठरल्या वेळेला, कारण साधारण ३६ तासांनी स्त्रीबीज काढायचं असतं. काही इंजेक्शनं फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. कर्जतहून मुंबई लोकलने दोन तास, आणि वाडीतून स्टेशन गाठायचं ते रिक्षा मिळेल तेव्हा. पाळी ऐन आवणीत आली तर मजुरी बुडते, आणि ‘कुठे जातेस गं रोज?’ला उत्तर शोधावं लागतं ते वेगळंच.

फर्टिक्वॉलमध्ये हे येतच नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. रोजच्या कामावर काय परिणाम होतो, असा एक प्रश्न आहे. पण तो मूड, औषधांचा शारीरिक त्रास आणि उपचारांची गुंतागुंत यांच्यासोबत एकाच सरासरीत जातो. मग जिला इंजेक्शनांनी मळमळतं ती आणि जिची मजुरी बुडते ती, दोघींचे गुण सारखे येऊ शकतात. दवाखान्याने सुधारायचं तरी काय? औषध बदलायचं की तपासणीची वेळ?

वातावरणाचे गुण वाचताना तर जास्तच सावध राहा. फॉर्म भरून घेणारी नर्स समोर उभी, पुढची तारीख तिच्याच हातात. अशा वेळी ‘स्टाफ समजून घेत नाही’ कोण लिहील? आणि जी पहिल्या फेरीनंतर पैसे संपले म्हणून थांबली, ती प्रतीक्षालयात नसतेच. आयुष्मान भारतमध्ये आयव्हीएफ बसत नाही, त्यामुळे वाडीतल्या बहुतेकींचा प्रवास त्या दारापर्यंतही पोचत नाही. पेपरमध्ये ‘रुग्णांचं समाधान चांगलं’ असं वाचलंत की आधी नमुन्याचा परिच्छेद काढा: फॉर्म कुठे भरला, कुणी भरून घेतला, आणि सोडून गेलेल्यांना कुणी फोन केला का.

भाषांतराचाही एक घोळ आहे. ‘वंध्यत्व’ हा शब्द पुस्तकात चालतो, पण बाईला तोंडावर विचारला की ‘वांझ’च ऐकू येतो. मी तिथे ‘मूल राहायला अडचण’ असं केलं. लांबलचक आहे, पण चालतं.

मला प्रश्नावली फेकून द्यायची नाही. दहाचे दहा प्रश्न ठेवीन, मुलाखत दवाखान्याबाहेर घेईन, आणि फॉर्मच्या आधी एक साधा प्रश्न घालीन: आज घरून किती वाजता निघालात?