राजकीय व औद्योगिक क्रांती आणि पवनीचा विणकर : धनंजयराव गाडगीळ यांच्या मांडणीची चिकित्सा

प्रस्तावना :
फ्रान्समधील १७८९ ची राज्यक्रांती आणि इंग्लंडमधील औद्योगिक क्रांती या दोन घटना महाविद्यालयीन अभ्यासक्रमात युरोपच्या इतिहासाचा भाग म्हणून शिकविल्या जातात. त्यांचे परिणाम भारतीय हस्तव्यवसायांपर्यंत कसे पोहोचले, याचे विवेचन धनंजयराव गाडगीळ यांनी १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीविषयीच्या इंग्रजी ग्रंथात केले. देशी दरबारांचा अस्त, परकीय सत्तेबरोबर आलेला अभिरुचीतील बदल आणि यंत्रोत्पादित मालाची स्पर्धा ही नागरी हस्तव्यवसायांच्या ऱ्हासाची तीन कारणे त्यांनी मांडली. भंडारा जिल्ह्यातील पवनी या वैनगंगेकाठच्या विणकरांच्या गावाच्या संदर्भात ही मांडणी कितपत टिकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मांडणीचे सामर्थ्य :
गाडगीळांच्या विवेचनाचे मोठे सामर्थ्य असे की, त्यांनी ऱ्हासाचे खापर केवळ यंत्रावर फोडले नाही. नागपूर राज्याचा इतिहास या भूमिकेला पुष्टी देतो. तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये निधन पावले व १८५४ साली डलहौसीने राज्य खालसा केले. रेल्वे नागपुरास पोहोचली १८६७ साली, तर जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. म्हणजे नागपूर, उमरेड व पवनी येथील रेशीमकाठी तलम वस्त्रांचा दरबारी आश्रय नाहीसा झाला, तेव्हा या प्रदेशात गिरणीचा भोंगा वाजलाही नव्हता. राजकीय परिवर्तनाने गिऱ्हाईक हिरावले आणि औद्योगिक परिवर्तनाने त्यानंतर बाजारपेठ व्यापली, हा क्रम गाडगीळांच्या कारणमीमांसेशी सुसंगत आहे.

या दोन्ही परिवर्तनांचा उगमही परस्परांपासून वेगळा काढता येत नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) तेथील पुरवठा आटला, तेव्हा वऱ्हाड-नागपूरच्या कापसाला अपूर्व महत्त्व आले. ज्या लोहमार्गाने कापूस मुंबई बंदराकडे गेला, त्याच मार्गाने विलायती कापड परत आले.

मांडणीची मर्यादा :
तथापि ‘ऱ्हास’ या एकाच संज्ञेत तीन भिन्न वर्गांचे अनुभव सामावले जातात, ही या मांडणीची मर्यादा होय. गाडगीळांनी नागरी व ग्रामीण कारागिरांत भेद केला. परंतु एकाच वस्त्राच्या निर्मितीत गुंतलेल्या वेगवेगळ्या हातांचे भवितव्य वेगळे कसे झाले, हा प्रश्न त्यांच्या विवेचनात गौण राहिला.

पहिला वर्ग सूत कातणाऱ्यांचा. यात स्त्रियांचा मोठा भरणा होता. गिरणीचे स्वस्त सूत येताच हा धंदा सर्वांत आधी बुडाला. दुसरा वर्ग कोष्टी विणकरांचा. रेशीमकाठी धोतर व लुगडे यांची नक्कल गिरणीस सहज साधत नसल्याने तो टिकून राहिला. इतकेच नव्हे, तर गिरणीच्या सुताचाच तो गिऱ्हाईक बनला. मात्र सूत व रेशीम उधारीने देणाऱ्या व्यापाऱ्यावरील त्याचे अवलंबन वाढले. माग चालू राहिला, विणकराचे स्वातंत्र्य मात्र आक्रसले. त्यामुळे चालू मागांची गणती करून या परिणामांचे मोजमाप होऊ शकत नाही.

तिसरा वर्ग जाडेभरडे कापड विणणाऱ्या महार विणकरांचा. गिरणीच्या कापडाचा थेट आघात या वर्गावर झाला आणि त्यातील अनेकांनी नागपूरच्या गिरण्यांची वाट धरली. त्यांना रोख मजुरी मिळाली, गावगाड्याच्या बंधनातून काहीशी मोकळीक मिळाली आणि पुढे नागपूर हे दलित चळवळीचे प्रमुख केंद्र बनले. परंतु यंत्राने जातिभेद आपोआप मिटविला नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकामाचे खाते बंद होते व १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न उपस्थित करावा लागला. पिढ्यान्‌पिढ्या कापड विणणाऱ्यांनाच मागापाशी मज्जाव व्हावा, या विसंगतीचा उलगडा दरबार, अभिरुची व स्पर्धा या तीन कारणांनी होत नाही. त्यासाठी जात हा घटक विश्लेषणात आणावा लागतो.

निष्कर्ष :
गाडगीळांची कारणमीमांसा पवनीच्या संदर्भात त्याज्य ठरत नाही. ती अपुरी ठरते. क्रांती का घडली व तिने काय नष्ट केले, याबरोबरच तिने कोणाला बुडविले, कोणाला परावलंबी केले आणि कोणाला नवी वाट दिली, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारणे आवश्यक आहे. पूर्व विदर्भातील इतिहास व अर्थशास्त्र विभागांनी मागांची जुनी अवजारे, व्यापाऱ्यांच्या वह्या व वृद्ध विणकरांच्या आठवणी यांचे संकलन विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास या प्रश्नांची उत्तरे स्थानिक पुराव्यांच्या आधारे शोधता येतील. वृद्ध पिढीबरोबर यांपैकी बराचसा पुरावा लोप पावणार असल्याने हे कार्य लांबणीवर टाकण्याजोगे नाही.