दाखल्यातील नाव : नारायण सुर्वे यांच्या कवितेतील शाळा

साठोत्तरी मराठी कवितेत कामगारजीवनाला मध्यवर्ती स्थान मिळवून देणारे कवी म्हणून नारायण सुर्वे (१९२६–२०१०) यांचे नाव घेतले जाते. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२), ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), ‘जाहीरनामा’ (१९७५), ‘सनद’ (१९८२) हे त्यांचे महत्त्वाचे काव्यसंग्रह होत. सुर्वे यांच्या कवितेची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे : ही कविता मार्क्सवादी विचारांचा प्रचार करते काय, आणि तरीही ती कविता म्हणून कशी टिकते? या वादात एक साधी गोष्ट बाजूला पडली. सुर्वे यांचा कामगार फक्त कारखान्यात नसतो. तो रस्त्यावर, नगरपालिकेच्या फूटपायरीवर आणि शाळेच्या दारातही असतो. प्रस्तुत लेखात त्यांपैकी शाळेच्या दाराचा विचार करावयाचा आहे.

‘माझे विद्यापीठ’ या दीर्घ कवितेचे प्रचलित वाचन असे की, पुस्तकी शिक्षणापेक्षा जीवनानुभव श्रेष्ठ असल्याचा तो उद्घोष आहे. महाविद्यालयीन व्याख्यानांतून, निरोपसमारंभांतून तर हा अर्थ इतका रुळला आहे की कवितेपेक्षा तोच अधिक पाठ झालेला आढळतो. हे वाचन अपुरे आहे. कवितेतील निवेदक बेघर, बिननातलग आहे. रस्ता हे त्याचे विद्यापीठ झाले ते दुसरे दार उघडे नव्हते म्हणून. याकूब नालबंदवाल्यासारखी माणसे त्याला घडवितात हे खरे. पण तोच याकूब दंगलीत मारला जातो. अशा विद्यापीठाचा गौरव करताना त्याची किंमतही मोजली पाहिजे. शिवाय कवीच्या चरित्राकडे दुर्लक्ष करता येत नाही. सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, मोठेपणी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा उत्तीर्ण झाले आणि महापालिकेच्याच शाळेत शिक्षक झाले. शाळेची घंटा वाजविण्यापासून वर्गात शिकविण्यापर्यंत आलेला माणूस शाळा निरर्थक ठरवील, हे संभवत नाही.

‘मास्तर, तुमचंच नाव लिवा’ या कवितेत हा विषय थेट येतो. वेश्याव्यवसायातील एक स्त्री मुलाचे नाव शाळेत घालण्यासाठी आली आहे आणि बापाच्या नावापाशी प्रश्न अडला आहे. कविता तिच्याच बोलीत, मास्तरांना उद्देशून आहे. व्यासपीठीय वाचनातून ती अतिशय लोकप्रिय झाली. श्रोत्यांचे डोळे पाणावले. परंतु केवळ करुणेने ही कविता वाचली की तिच्यातील संघर्ष निसटतो. तो एका रकान्याचा संघर्ष आहे. सार्वजनिक शाळा प्रत्येक मुलासाठी असल्याचे म्हटले जाते. उंबऱ्यावर मात्र ती आधी वंश विचारते. ही स्त्री शाळेवर आगपाखड करीत नाही, दयाही मागत नाही. रकाना भरायचाच असेल तर जो समोर बसला आहे त्याचेच नाव भरा, असे ती सुचविते. शासनाने नेमलेल्या शिक्षकाने या मुलाचे पालकत्व घ्यावे, असा त्या मागणीचा अर्थ लावता येतो.

येथे कवीचे स्वतःचे नावही आठवावे. अनाथ म्हणून सापडलेल्या या मुलाला ‘सुर्वे’ हे आडनाव गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने दिले. कुणीतरी आपले नाव दिल्याशिवाय दाखला होत नाही, हे कवीने जगून जाणले होते. म्हणूनच त्या स्त्रीच्या बोलण्यात भाबडेपणा नाही, व्यवहार आहे.

तरीही या कवितेची मर्यादा नोंदविली पाहिजे. त्या आईला आपल्या मुलासाठी पुन्हा एका पुरुषाचेच नाव उसने मागावे लागते. तिचे स्वतःचे नाव त्या रकान्यात लिहिता येईल, ही शक्यता कवितेला सुचत नाही. त्या काळाच्या नोंदवहीत ती नव्हतीच, असा बचाव करता येईल. पण कवितेने नोंदवहीच्या पुढे जावे अशी अपेक्षा सुर्वे यांच्याच कवितेने निर्माण केली आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय दस्तऐवजांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. कामगारदिनीच हा निर्णय लागू व्हावा, हा योगायोग लक्षणीय आहे.

दुसरी मर्यादा भूगोलाची आहे. परभणी येथे १९९५ मध्ये झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे सुर्वे अध्यक्ष होते. मराठवाड्याने त्यांना आपले मानले. त्यांच्या कवितेतील शाळा मात्र महानगराची आहे. तिचे दार एकदा उघडले की मूल आत गेले, असे ती गृहीत धरते. भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीमुळे परिचित असलेले क्षेत्र. चतुर्थीला तेथे गर्दी लोटते. अशा भागात ही कविता शिकविताना वेगळाच प्रश्न उभा राहतो. जालना जिल्ह्याच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीच्या सुमारास कोयते ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरली जाते. मग मूल एकतर फडावर जाते, नाहीतर आजीपाशी राहते. त्याचे नाव पटावर असते, बापाचा रकानाही भरलेला असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दाखल्याला झालेला उशीर वा वयाचा पुरावा नसणे ही कारणे प्रवेश नाकारण्यासाठी अमान्य ठरविली. त्या स्त्रीपुढची अडचण बऱ्याच अंशी कायद्याने दूर केली, असे म्हणता येईल. हंगामी वसतिगृहांची योजनाही आली. परंतु कागदावरील नाव आणि बाकावरील मूल यांतील अंतर सांगणारी कविता सुर्वे यांच्याकडे शोधून सापडणार नाही. ते काम ग्रामीण व दलित साहित्याने पुढे काही प्रमाणात केले.

‘पट’ हा शब्दही दरम्यान बदलला आहे. सुर्वे यांच्या कवितेत पटावर नाव लागणे ही आईची मागणी आहे. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा समूहशाळेत आणण्याचा विचार शासनाने पुढे केला, तेव्हा तोच पट शाळा ठेवायची की नाही याचे मोजमाप झाला. शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. पाच-सहा मैलांवरच्या समूहशाळेत मुलाचे नाव घालायला ऊसतोडीहून परतलेली आई कशी जाणार, आणि तेथे तिच्यासमोर कोणता मास्तर बसलेला असणार, हा प्रश्न त्या कवितेच्या आजच्या वाचकाला टाळता येत नाही.