झाकली बाटली सव्वा लाखाची

परीक्षक व्हायला त्या विषयातलं काही कळावं लागतं, हा एक गोड गैरसमज आहे. मी स्वतः बारा वर्षं एकांकिका स्पर्धांचा परीक्षक होतो. पडदा वर जाण्याआधी मी गुपचूप लेखकाचं नाव बघून घेत असे. नाव मोठं असलं, की रंगमंचावरचा काळोखसुद्धा अर्थपूर्ण वाटायचा. नाव नवखं असलं, की फ्यूज उडाला की काय अशी शंका यायची. आजवर कुणी मला पकडलं नाही. पकडलं ते कॅलिफोर्नियात, आणि तेही वाइनने.

झालं असं, की मुलाकडे गेलो होतो आणि बापूचा फोन आला. बापू म्हणजे कॉलेजच्या होस्टेलातला माझा खोलीबंधू. त्या काळी चहाच्या टपरीवर उधारी ठेवणारा हा प्राणी आता घरात वाइनचं थंड कपाट बाळगून आहे.

"शनिवारी ये. जुन्या वाइनची आंधळी चव घ्यायची आहे."

आंधळी कोशिंबीर मी खेळलो होतो. तिच्यात कोशिंबिरीच्या जागी वाइन आली, एवढंच समजून मी गेलो. आम्ही चौघे: बापू, देशमुख, नाना आणि मी. वहिनी पंच. बापूनं त्यांना सांगून ठेवलं होतं, की कपाटातून चार प्रदेशांच्या चार तांबड्या काढ, सगळ्या नव्वदीतल्या हव्यात, कुठल्या ते मला सांगू नकोस. वहिनींनी आदल्या दिवशीच बाटल्या उभ्या करून ठेवल्या होत्या, म्हणजे गाळ तळाशी बसतो. वर खाकी पिशव्या चढवून एक ते चार आकडे घातले होते. बाटल्या दहावीच्या परीक्षेला बसल्यासारख्या दिसत होत्या.

पेले पुसता पुसता बापूनं १९७६ सालची गोष्ट सांगितली. स्टीव्हन स्परिअर नावाच्या इंग्रज दुकानदारानं २४ मे रोजी पॅरिसमध्ये अशीच झाकलेली परीक्षा घेतली. परीक्षक फ्रेंच, नाणावलेले. तांबड्यांत पहिली आली कॅलिफोर्नियाची १९७३ सालची स्टॅग्ज लीप, आणि पांढऱ्यांतही कॅलिफोर्नियाच. निकाल ऐकून एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली म्हणतात! फ्रेंच म्हणाले, थांबा, आमच्या वाइनला वय होऊ द्या. तीस वर्षांनी, २००६ साली, त्याच तांबड्या वाइन पुन्हा झाकून चाखल्या. पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या निघाल्या. बाईंबद्दल मला मात्र फार जवळीक वाटली. आपली गुणपत्रिका परत मागण्याइतका प्रामाणिकपणा मला कधी जमला नव्हता.

पहिला पेला आला. रंग इतका फिका, की नानांना गवळ्याची आठवण झाली. "यात पाणी आहे," ते म्हणाले. घोट घेतला आणि कच्ची सुपारी चावल्यासारखी जीभ आवळली. बापू म्हणाला, "टॅनिन. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून येतं." आमच्या आजीनं याला 'तुरट' म्हणून एका शब्दात निकाल दिला असता. वय वाढतं तसं हे टॅनिन एकमेकांना चिकटतं, जड होतं आणि गाळ होऊन तळाशी बसतं. आमच्या होस्टेलच्या मंडळींचं यापेक्षा निराळं काही झालेलं नाही.

दुसऱ्या पेल्यात व्हॅनिला आणि सुकं खोबरं एका डब्यात ठेवल्यासारखा वास होता. तिसरी म्हणजे पिकलेलं जांभूळ. गोडसर, भरघोस, हसतमुख. मी तिला डोळे मिटून पहिला नंबर दिला. चौथीला पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तसा वास होता, आणि मागून आजोबांच्या ट्रंकेचा. पण घोट घेतला तर बाकी काही उरलेलं नव्हतं.

बापूनं ती तोंडात घोळवली आणि मान हलवली. "फळ संपलंय. वाइन दमलीय. खरं तर मोरीत ओतायच्या लायकीची!" शेवटचा नंबर देऊन त्यानं कागद वहिनींच्या हाती दिला.

वहिनींनी पिशव्या काढल्या. पहिली इटलीची बारोलो. तिचा रंग जन्मतःच फिका असतो, नाना खजील झाले. दुसरी स्पेनची रिओहा. तिथे अमेरिकन ओकची पिंपं वापरायची जुनी रीत, व्हॅनिला तिथला. तिसरी इथलीच, नापा खोऱ्यातली. म्हणजे नकळत मी पॅरिसच्या परीक्षकांच्या पंगतीत बसलो होतो. चौथीची पिशवी काढताना वहिनी जरा थांबल्या.

फ्रान्सची बोर्दो, १९९६. बापूच्या मुलीचं जन्मवर्ष. तिच्या लग्नात उघडायची म्हणून घेतलेली. लग्न झालं २०२० साली, करोनात. बापूनं ते संगणकाच्या पडद्यावर बघितलं आणि बाटली कपाटातच राहिली.

"तू ही काढलीस?" बापूचा आवाज अगदी लहान झाला होता.

"तुम्ही उघडलीच नसतीत," वहिनी म्हणाल्या. "योग्य वेळ, योग्य वेळ म्हणत किती वर्षं झाली?"

कुणीच काही बोललं नाही. मग बापूनं ती बाटली ओढून घेतली, चिठ्ठी आपल्याकडे वळवली आणि पुन्हा अर्धा पेला भरला. बराच वेळ वास घेतला. "हवा लागल्यावर जरा खुलली की," तो म्हणाला.

खुलली होती का? मी प्यायलो, मला तरी तशीच लागली. झाकून चाखण्याच्या पद्धतीला माझे पुरे गुण आहेत. तिनं जिभेला खरं बोलायला लावलं, आणि माझ्या बारा वर्षांतल्या किती नवख्या मुलांना मी फ्यूज उडाल्याचे गुण दिले, तेही आठवायला लावलं. त्या मुलांची नावं पिशवीत घालायला हवी होती. पण तिचे थोडे गुण मी कापणार आहे. बाटलीत वाइन किती उरलीय एवढंच ती सांगते. ती कुणासाठी ठेवली होती, हे तिला विचारता येत नाही. ते चिठ्ठीवर असतं. फक्त चिठ्ठी वाचायची ती गुण देऊन झाल्यावर.

तेवढ्यात बापूनं हात पुढे केला. "माझा कागद दे गं जरा. चौथीचे गुण बदलायचे आहेत."

"परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील," मी माझ्या जुन्या आवाजात म्हणालो.

वहिनींनी कागद दिला नाही. मुलीला फोन लावून तो बापूच्या हाती दिला. बापू पेला घेऊन बाहेर अंगणात गेला, आणि आम्ही तिघांनी जांभळाची बाटली संपवायला घेतली.