फुलदाणी झालेला हुक्का : एका ओळीच्या वर्णनाची झडती

जुन्या वस्तूंच्या लिलावाची यादी, गृहसजावटीचा लेख किंवा संग्रहालयातली पाटी, कुठेही बघा, तुम्हाला साधारण अशी ओळ भेटेल : ‘हुक्क्याचा तळ, बिदरी, मुघल, १८वं शतक.’ चार तुकडे आणि चारही खात्रीने सांगितलेले. भौतिक संस्कृतीवर काम करायचं मनात असेल, तर पुस्तकांची रास उपसण्याआधी ही एक ओळ नीट वाचायला शिका. माझ्या मते तिच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द पुरावा मागतो आणि बहुतेक वेळा त्याच्याकडे तो नसतो.

‘तळ’पासून सुरू करू. आपण ज्याला गुडगुडी म्हणतो तिचे भाग किती? वर मातीची चिलीम, तिच्यात तंबाखू आणि निखारा, मग खाली पाण्यात जाणारी नळी, ओढायची लांब नळी, टोकाला मोहनाल, आणि सगळ्यात खाली पाण्याचं भांडं. चिलीम फुटते. कापड गुंडाळलेली नळी कुजते. मोहनाल मौल्यवान असेल तर वेगळी विकली जाते. उरतो तो धातूचा तळ, आणि संग्राहक तोच गोळा करतो. म्हणजे आपल्यासमोर असतो तो हुक्क्याचा एक पंचमांश, आणि लेख मात्र लिहिले जातात पूर्ण ‘हुक्का संस्कृती’वर.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. साध्या माणसाचा हुक्का नारळाच्या करवंटीचा असायचा. करवंटी तडकली की फेकून द्यायची, नवी घ्यायची. ती काचेच्या कपाटात येत नाही, कारण ती कोणी जपलीच नाही. मग संग्रह बघून आलेला वाचक म्हणतो, तंबाखू ओढणं हा दरबारी शौक होता. हा निष्कर्ष इतिहासातून आलेला नाही. जस्त टिकतं आणि करवंटी टिकत नाही, एवढ्यातून तो आलेला आहे. तुमच्या विषयात हुक्का नसेलही, पण काय टिकलं आणि काय टिकलं नाही हा प्रश्न तुम्हाला चुकणार नाही.

आता ‘बिदरी’ आणि ‘मुघल’. बिदरी म्हणजे मुख्यतः जस्त आणि थोडं तांबं यांचा मिश्रधातू. त्यावर कोरून चांदीची तार किंवा पत्रा बसवतात, मग नवसागर आणि बिदरच्या किल्ल्यातली माती यांचा लेप देतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते. पण हे काम लखनौ, मुर्शिदाबाद, पूर्णिया इथेही होत होतं, त्यामुळे ‘बिदरी’ हा शब्द तंत्र सांगतो, गाव सांगतोच असं नाही. आणि ‘मुघल’? बिदर आधी बहमनी, मग बरीदशाही, मग आदिलशाही. औरंगजेबाने ते जिंकलं १६५६-५७च्या सुमारास, आणि १८व्या शतकात तिथे निजामाचा अंमल आला. निजामाच्या काळातली दख्खनी वस्तू ‘मुघल’ म्हणून विकली जाते, कारण त्या शब्दाला भाव आहे. पाटी लिहिणाऱ्याने बाजाराचा शब्द उचलावा, हे मला पटत नाही.

शतकाचं काय? यातल्या बहुसंख्य वस्तूंवर ना कारागिराचं नाव, ना साल. अभ्यासक आकारावरून अंदाज बांधतात : गोल, कड्यावर ठेवावे लागणारे तळ आधीचे, घंटेच्या आकाराचे, स्वतःच्या बुडावर उभे राहणारे नंतरचे. हा अंदाज मोठ्या प्रमाणात लघुचित्रांतल्या हुक्क्यांशी तुलना करून बांधलेला आहे. चांगली पद्धत आहे, मी ती नाकारत नाही. पण ज्या चित्रावर तारीख नाही, त्याचा काळ त्यातल्या वस्तूंवरून ठरवायचा आणि मग त्याच चित्रावरून वस्तूचा, असं झालं तर आपण खांबाभोवती फिरत राहतो. सुझन स्ट्राँग यांचा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या बिदरी वस्तूंवरचा १९८५चा कॅटलॉग मिळाला तर तिथून सुरुवात करा. सजावटीचे लेख नंतर वाचा, म्हणजे त्यांत काय गाळलंय ते दिसेल.

या लेखांमधली एक कथा तर हमखास भेटते : हुक्का अकबराच्या दरबारातले हकीम अबुल फतह गिलानी यांनी शोधला, तंबाखूचा धूर पाण्यातून गाळून बादशहाला अपाय होऊ नये म्हणून. ऐकायला झकास. पण हे हकीम वारले १५८९मध्ये. आणि असद बेगने विजापुरात तंबाखू पाहून ती आग्र्याला अकबरापुढे ठेवली ती १६०४-०५च्या सुमारास. त्याच्या वृत्तांतात रत्नजडित लांब नळी आहे, सोन्याची चिलीम आहे, अकिकाचं मुखनळ आहे, दरबारी वैद्याचा विरोध आहे. नवी वस्तू आल्यावर व्हावी तशी चर्चा आहे. पाण्याच्या भांड्याचा वेगळा उल्लेख मात्र नाही. एवढ्यावरून ‘पाण्याचा हुक्का तेव्हा नव्हताच’ असं म्हणू नका, तो दुसऱ्या बाजूचा उतावीळपणा होईल. पण पंधरा वर्षं आधी वारलेल्या माणसाने, जी तंबाखू बादशहाने अजून पाहिलीच नव्हती तिच्यापासून त्याला वाचवलं, हे निदान थांबून विचारण्यासारखं आहे. दोन तारखा शेजारी लिहायला दोन मिनिटं लागतात.

सजावटीबद्दल मला खरी चीड येते ती इथे. तळाला भोक पाडून, वायर ओवून टेबललॅम्प केले जातात. काळा थर ‘मळ’ समजून पॉलिशने घासला जातो. तो थरच तर बिदरी आहे. कारागीर तो खुलवायला तेल चोळतात. आतली पुटंही साबणाने धुतली जातात. जुन्या भांड्यांत आणि चिलमींत राहिलेल्या अवशेषांतून रासायनिक तपासणीने निकोटिन ओळखता येतं. म्हणजे हा तळ खरंच वापरात होता की दिखाव्यापुरता घडवला होता, हे सांगू शकणारा पुरावा मोरीत जातो. १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात बिदरी वस्तू मांडल्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न निव्वळ किस पाडणं नाही.

संग्राहकांना सरसकट झोडपणं मात्र अन्यायाचं होईल. पुण्यात दिनकर केळकरांनी घरोघरी फिरून दिवे, अडकित्ते, दौती जमवल्या नसत्या तर त्यातलं बरंचसं मोडीत गेलं असतं. (गंमत म्हणजे महाराष्ट्रात २०१८पासून हुक्का पार्लर बेकायदा आहे, हुक्का दिवाणखान्यात मांडणं प्रतिष्ठेचं.)

तेव्हा कुणाच्या घरी असा तळ बघायला गेलात, तर फोटो काढण्याआधी उंची, व्यास आणि वजन घ्या. बूड उलटं करून बघा : झीज, डाग, नवं भोक. आतली बाजू पुसू देऊ नका. तो कुणाकडून आणि कधी आला हे विचारा, आणि उत्तर मालकाच्याच शब्दांत लिहून घ्या. ‘आजोबांचा’ आणि ‘आजोबांनी विकत घेतलेला’ यांत फरक आहे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती १९७२च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे मालक बिचकला तर त्याचं कारण समजून घ्या, आणि त्याचं नाव-पत्ता प्रबंधात घालू नका. मोजमापं झाली की मग पाटीवर काय लिहिलंय ते वाचा.